बाळंतपणाची भीती : सातव्या महिन्यातल्या मैत्रिणीला उत्तर

अगं, तुझं वाचलं. पहिली वेळ, सातवा महिना, ऑगस्टची तारीख, गुहागरजवळ माहेरी आलीयस, डोळा मिटला की कळांचेच विचार, आणि घरात बोललीस की "सगळ्यांनाच होतं गं" म्हणून गप्प करतात, त्यामुळे सरळ सिझरच मागून घेऊ का असं विचारतेयस. माझं एक नॉर्मल, एक सिझर, दोन्ही इकडेच झाली, शिवाय गावातल्या बऱ्याच पोरींसोबत हॉस्पिटलात जाऊन बसलेय, म्हणून हक्काने सांगते.

"सगळ्यांनाच होतं" हे काही उत्तर नव्हे. पण नुसतं "भीती वाटते" म्हटलं तर डॉक्टर तरी काय सांगणार? म्हणून नक्की कशाची वाटते ते वहीत लिही. कळा सोसतील का, टाके, बाळाला काही झालं तर, मीच गेले तर (हे पण लिही, लाजू नकोस), पावसात लाईट गेली नि रस्त्यावर झाड पडलं तर. आमच्या एकीची भीती खोदत गेलो तर शेवटी निघाली ती फेरीबोटीची! नाव घातलेलं दापोलीला, राहायची धोपावेच्या बाजूला, रात्री कळा सुरू झाल्या तर दाभोळची खाडी ओलांडायची कशी. मग नववा लागताच ती दापोलीला मावशीकडे जाऊन राहिली नि तिला झोप लागायला लागली. तुझंही बाळंतपण भर पावसातलं आहे, तेव्हा हॉस्पिटलजवळ कोण नातेवाईक आहे ते आत्ताच बघ, आणि 108 सोबत वाडीतल्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेव.

कळांचं म्हणशील तर त्या सलग नसतात. येते, चढते, मिनिटभर राहते, उतरते, मग मधे खरंच काही दुखत नाही, तेवढ्यात पाणी प्यायचं, अंग सैल सोडायचं. कळ चढताना श्वास रोखू नकोस, तोंडाने लांब सोड, हे आत्तापासून रोज कर म्हणजे तेव्हा आपोआप होतं. पहिलटकरणीला पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडायलाच खूप वेळ जातो, तिथून 10 पर्यंत 12 तास लागले तरी त्यात वावगं नाही असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणजे उशीर होतोय म्हणजे अडलंय असं लगेच धरू नकोस.

लेबर रूम आधी बघून ये. सिस्टरला नीट विचारलं तर बहुतेक दाखवतात. ते टेबल, बाळाला ऊब द्यायचा वॉर्मर, ठोके ऐकायचं मशीन, एकदा दिवसाउजेडी बघितलं की रात्री मनात उगाच भलतंसलतं उभं राहत नाही. आत सोबत कोणाला घेता येईल तेही तेव्हाच विचार आणि अशीच बाई निवड जी स्वतः घाबरणार नाही, आईच हवी असं काही नाही. आणि ओटीला आलेल्या बायका आपापल्या बाळंतपणाच्या कहाण्या लावतात ना, सरळ उठून आत जा, कोणाला राग आला तर येऊ दे.

सिझर मागण्यात लाज काही नाही पण ते ऑपरेशन आहे, नंतरचं उठणं-बसणं मला तरी नॉर्मलपेक्षा जड गेलं, तेव्हा भीती सांगून डॉक्टरशी बोल मग ठरव. कळा कमी करायचं इंजेक्शन मिळतं का तेही विचार, सगळीकडे सोय नसते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, वही तिथे घेऊन जा. आणि झोप-जेवण दोन्ही उडालं असेल, छातीत धडधडून उठत असशील तर ते नुसतं मनाचं म्हणून सोडू नकोस, त्याला उपचार आहेत, 14416 या टेली मानसच्या (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) नंबरवर मराठीत बोलता येतं.

बाकी बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर सकाळची वाट बघायची नाही, कोणी "थांब जरा" म्हणालं तरी नाही, तशीच्या तशी हॉस्पिटल गाठायचं.