दूध सोडलं, आता ताकद कुठून येणार?

घरातलं पोर तालमीत नाहीतर जिममध्ये जायला लागलं की आपल्याकडे पहिला विषय निघतो तो म्हशीचा. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. बाकी सगळं जेवण. त्यामुळे खेळणाऱ्या मुलाने किंवा मुलीने एक दिवस "मी व्हीगन झालोय" असं जाहीर केलं, म्हणजे मांस-अंड्यांबरोबर दूध, दही, तूपही बंद, की घर हादरतं. जळगावात खेळाडूंच्या आहाराचा सल्ला देताना हल्ली हा प्रश्न वरचेवर समोर येतो. पारोळ्याकडच्या एका मुलीची गोष्ट सांगते, त्यात बहुतेकांची उत्तरं सापडतील. तिचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

वय १९, वजन ५६ किलो, खेळ पॉवरलिफ्टिंग. सोबत तिची माय आणि आजी. मी काही विचारायच्या आत आजीच बोलली, "ताई, पोरनी दूध सोडी दिधं. आते आंगमा ताकद कथाईन यी?" घरी दोन म्हशी, डेअरीला दूध जातं, आणि घरचीच लेक दुधाला शिवत नाही! मायला काळजीपेक्षा लाज जास्त वाटत होती, असं मला वाटलं.

मुलीचं कारण साधं होतं. मागच्या उन्हाळ्यात गोठ्यातलं रेडकू दुधावाचून वाळत गेलं आणि मेलं, ते तिने रोज डोळ्यांनी पाहिलं. त्यावर मी वाद घालत नाही, कुणाशीच नाही. माळ घातलेल्या वारकऱ्याला आपण "मटण का सोडलं" म्हणून छळत नाही, तोच मान या मुलांनाही द्यावा. माझं काम ताट बघायचं.

तक्रार मात्र खरी होती. चार महिने झाले, स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बसायचं आणि उठायचं) ७५ किलोवर अडकलेला. सरावाला जायचा कंटाळा, चिडचिड, जिना चढताना दम. मायचं निदान तयार: दूध सोडलं म्हणून.

मी तिच्याकडून तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं. सकाळी कोरा चहा, दोन पोळ्या आणि भाजी. दुपारी डब्यात तेच. सरावाआधी केळं. रात्री दादर ज्वारीची भाकरी, भरीत नाहीतर शेवभाजी, वाटीभर वरण. हिशेब केला तर प्रथिनं ४०-४५ ग्रॅम. आधी ती म्हशीचं अर्धा लिटर दूध प्यायची, त्यातून वीसेक ग्रॅम मिळायचे. दोन अंडीही खायची, त्यातून १२-१३. (अंडी घरात नाही. तिला सराव देणाऱ्या सरांच्या खोलीवर, वेगळ्या पातेल्यात. आजीला हे त्या दिवशी कळलं, आणि दहा मिनिटं आमचा मूळ विषय बाजूला पडला.) दूध-अंड्यांबरोबर रोजच्या सहाशेच्या आसपास कॅलरीही गेल्या. त्यांच्या जागी आलं काय? कोरा चहा.

दूध सोडल्याने ताकद गेली नव्हती. ताटातली ती जागा रिकामी राहिली होती.

माय आणि आजी चहाला बाहेर गेल्या तेव्हा मी तिला पाळीचं विचारलं. ती बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत बसली. मग म्हणाली, "दोन महिने झाले, आली नाही. बरंच ना मॅडम, सराव बुडत नाही." अनेक खेळाडू मुलींना हे खरंच बरं वाटतं. ते बरं नसतं. मेहनतीच्या मानाने पोटात कमी जायला लागलं की शरीर काटकसर करतं आणि पाळीवर पहिली कात्री चालवतं. तशीच वेळ गेली तर हाडं कमकुवत होतात, आणि वजन उचलणाऱ्या मुलीला ते परवडणारं नाही. दूध पिणाऱ्या, मटण खाणाऱ्या मुलींनाही कमी खाल्लं की हेच होतं. तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाळी थांबली की कारण तपासून घ्यावं, डाएटच्या नावावर खपवू नये.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन काठावर आणि बी-१२ फक्त १६८ निघालं. साधारण २०० च्या खाली कमतरता धरतात. माय लगेच म्हणाली, "बघा, दूध सोडलं ना!" पण बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो संपायला वर्षं लागतात. चार महिन्यांत इतका खड्डा पडत नाही. तो आधीपासूनच होता. रोज दूध पिणाऱ्या आपल्या शाकाहारी घरांतही बी-१२ कमी निघणं नवं नाही. एवढं खरं की आता ते तिला कुठल्याच डाळ-भाजीतून मिळणार नाही. गोळी कायमची, ती टाळायची नाही. मूग, मटकी, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाची पावडर, यातलं काही तिची जागा घेत नाही. डी जीवनसत्त्वाचं पाकीट लिहून दिलं तर तिने विचारलं, हे कशापासून करतात? बरोबर विचारलं. बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलाच्या जातीपासून केलेलंही मिळतं, ते मागवलं.

आता प्रथिनं. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे तिला नव्वदेक. मुलीने मोबाइलवर अमेरिकेचा धावपटू कार्ल लुईस दाखवला: व्हीगन असताना १९९१ मध्ये टोकियोत १०० मीटर ९.८६ सेकंदांत धावला. खरं आहे, पण त्याच्या यशावरून पारोळ्यातल्या डब्याचं काही ठरत नाही. त्यापेक्षा ब्राझीलमधला २०२१ चा एक अभ्यास मला उपयोगाचा वाटतो. व्हीगन आणि मांसाहारी अशा दोन गटांतल्या तरुणांना १२ आठवडे पायांचा व्यायाम दिला. दोन्ही गटांची प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅमवर आणली, एकाला सोया पावडर, दुसऱ्याला व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर. स्नायू आणि ताकद सारखीच वाढली. मुलगे होते, नवखे होते, हे लक्षात ठेवायचं. आणि प्रथिनांची बरोबरी करून दिली होती, हे तर जास्तच.

ही बरोबरी करायला खानदेशचं स्वयंपाकघर कमी नाही. मायला मी दुसऱ्या खेपेला कळण्याचं पीठ आणायला सांगितलं. ज्वारी तीन भाग, काळे उडीद एक भाग, वर मीठ. काट्यावर ८० ग्रॅम तोललं. नुसत्या ज्वारीची एवढ्या पिठाची भाकरी ८ ग्रॅम प्रथिनं देते, कळण्याची साडेदहा. शिवाय प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातलं लायसिन ज्वारीत कमी पडतं ते उडीद भरून काढतो, आणि उडदात मेथिओनिन कमी पडतं तिथे ज्वारी मदतीला येते. आजी म्हणाली, आमी काय येडे होतो का? अजिबात नव्हत्या. आपणच पोळीच्या नादाला लागून कळणा सणावारापुरता ठेवला.

वरणाचं मात्र मायला कडूच सांगावं लागलं. पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम २०-२५ ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं पाच. बाकी पाणी आणि फोडणी. म्हणून डाळ गंडोरी घट्ट करायची, आठवड्यातून दोनदा तुरीच्या डाळीचे फुनके (वाफवलेले मुटके), कढीऐवजी रश्शासोबत. सोयाबीनच्या कोरड्या वड्या ५० ग्रॅम, त्यात २६ ग्रॅम प्रथिनं. सोयाने मुलींच्या हार्मोन्सचं वाटोळं होतं ही भीती मायने बोलून दाखवली. एवढ्या प्रमाणात तसं होत नाही. सकाळी फुटाणे आणि गूळ. शेंगदाणे मूठभर, प्रथिनांपेक्षा कॅलरीसाठी. भाकरीवर लिंबू पिळलेला कांदा, चहा जेवणाला चिकटून नाही, म्हणजे लोह अंगी लागतं. कॅल्शियमसाठी तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, नाचणी, आणि सुरुवातीला डॉक्टरांनी दिलेली गोळी.

एक अडचण पुस्तकात कमी आणि घरात जास्त दिसते: या जेवणाने पोट लवकर भरतं. चोथा खूप, त्यामुळे भूक भागते पण कॅलरी पुऱ्या पडत नाहीत, वर पहिले पंधरा दिवस गॅस. म्हणून वड्या २० ग्रॅमपासून सुरू केल्या, कडधान्य भिजवून मोड आणून, आणि सरावाआधी भाकरी न देता भात किंवा दोन केळी. केळी तर आपल्याकडे दारात.

क्रिएटिनचंही विचारून झालं, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचं. ते मांस-माशांतून मिळतं, म्हणून व्हीगन खेळाडूच्या स्नायूंत कमी असतं. बाजारातलं क्रिएटिन कृत्रिम असतं, बंदी घातलेलं नाही. रोज ३ ग्रॅम पुरे. सरांनी सुचवलेला स्वस्तातला बिनलेबलचा डबा मात्र मी परत करायला लावला. भेसळीतून डोपिंगमध्ये अडकलेल्या खेळाडूचं कुणी ऐकून घेत नाही.

सरांशीही बोलले. ती आठवड्याला सहा दिवस, उन्हाळ्यातही दुपारी चारला वजन मारत होती. पारा ४४ वर असताना! त्यांनी चार दिवस केले, सराव पहाटे, दर चौथ्या आठवड्याला वजन हलकं.

पाचव्या महिन्यात स्क्वॉट ८५ झाला, पाळी त्याआधीच सुरू झाली होती, बी-१२ ही वर आलं. यात ताटाचं श्रेय किती, विश्रांतीचं किती, हे मला वेगळं काढता येणार नाही; सर म्हणतात त्यांचं, आजी म्हणते कळण्याचं. घरातला वाद अजून मिटलेला नाही. लग्नातल्या वरण-बट्टीत तूप न घेतल्यावरून मामा रुसले, असं ऐकलं.

पुढच्या महिन्यात तिचं शिबिर आहे. मेसमध्ये पनीर आणि अंडी, तिसरं काही नाही. मेसवाल्याशी फोनवर बोलणं झालंय: वड्या तिने न्यायच्या, तो शिजवून देईल. नाही दिल्या तर दोन किलो फुटाणे बॅगेत आहेतच, आणि बी-१२ च्या गोळ्या मायने स्वतः मोजून ठेवल्यात.