‘बर्डी’ म्हणताना ओठ अडतात

प्रश्न : वय 29, राहणार नागपूर. लहानपणापासून अडखळत बोलतो. प, ब, क वर शब्द अडतो. ऑटोवाल्याला ‘बर्डी’ म्हणता येत नाही म्हणून ‘सीताबर्डी’ म्हणतो. पतसंस्थेत हिशेब बघायचो, आता थकबाकीदारांना फोन करायचं काम आलंय. आईनं टेकडीच्या गणपतीला नवस बोललाय. माझीही श्रद्धा आहे, पण फरक नाही. हा कमीपणा कधी बळ होईल का?

उत्तर : नवस फळला नाही म्हणजे श्रद्धा उणी पडली, असं मुळीच समजू नका. उच्चाराची वेळ जुळवण्याचं मेंदूतलं काम काहींमध्ये थोडं वेगळं चालतं, बरेचदा ते घराण्यातूनच येतं. प्रौढांत शंभरात साधारण एक जण अडखळतो. त्यात कुणाचा दोष नाही.

खरी अडचण ‘सीताबर्डी’त आहे. शब्द टाळला की लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि ‘ब’ची भीती आणखी मुरते. म्हणून दोन आठवडे रोज तीनदा अनोळखी माणसाशी मुद्दाम अडखळा. गोकुळपेठच्या बाजारात भाव विचारताना ‘सं-सं-संत्री’ म्हणा. आधी न अडणारे शब्द, मग ‘ब-ब-बर्डी’. ओठ सैल, नजर समोर. खाली बघून घाईघाईनं उरकलंत तर उपयोग शून्य.

खरोखर अडलात की ओठ घट्ट दाबले जातात, श्वास कोंडतो. जोर लावला की अडसर पक्का होतो, कारण ‘ब’ला ओठ उघडून हवा सुटावी लागते. अडलेला शब्द कसाही पूर्ण करा, तीन सेकंद थांबा, ओठ जेमतेम टेकवून तोच शब्द सावकाश पुन्हा म्हणा. स्वतः अडखळणारे अमेरिकन वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांची ही रीत. महिनाभर एवढंच करा, मग शब्दाच्या मध्येच सैल व्हायला शिका. शब्दाआधीच तयारी करायची घाई बरेच जण करतात. ती नवी पळवाट ठरते.

फोनवर सुरुवातीलाच सांगा, “मी अडखळतो, थांबत थांबत बोलेन.” रोज पाच फोन, सोपे आधी. वहीत किती अडलो ते लिहू नका. हवा तोच शब्द वापरला का, एवढंच लिहा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथेच दिसतं. थकबाकीदारही लाजेपायीच फोन टाळत असतो. स्वतःची अडचण उघड सांगणारा, घाई न करणारा माणूस समोर असला की त्यालाही आपली सांगायला धीर येतो.

श्रद्धेला इथे मोठं काम आहे. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आपल्या विदर्भात गावोगाव होते. तिथे जात जा. इतरांच्या सुरात सूर मिळवून बोलताना अडखळणं बहुतेकांचं जवळजवळ थांबतं. एकटं बोलताना ते परत येतं, त्यानं खचू नका. प्रार्थनेच्या वेळी ओठ किती सैल होते ते ध्यानात ठेवा. आणि ‘हे घालव’ऐवजी ‘अडखळत का होईना, बोलायचं धैर्य दे’ असं मागा.

तीन महिन्यांत भीती हलली नाही तर स्पीच थेरपिस्टला भेटा. आईंचा नवस असू द्या. त्या तुमचे शब्द पूर्ण करून देत असतील, तर तेवढं थांबवायला सांगा.