शंका-समाधान : डब्यातल्या डब्यात तडकलेले इंजिन

प्रश्न : लंडनला राहणाऱ्या मुलाने काही वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनाचे १:७६ प्रमाणातील मॉडेल आणून दिले. ते चीनमध्ये तयार झालेले आहे. डब्यात जपून ठेवूनही त्याची चॅसी (खालचा धातूचा सांगाडा) फुगली आहे, तिला बारीक भेगा पडल्या आहेत आणि चाके अडकतात. हा आमच्याकडील दमट हवेचा परिणाम, की माल मुळातच सदोष होता? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष ओतकामातला दिसतो. उष्ण आणि दमट हवेने तो लवकर वर येतो इतकेच. ती त्याचे मूळ कारण नव्हे.

अशी चॅसी बहुधा जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम घातलेल्या ‘झामॅक’ या मिश्रधातूची असते. त्यात शिशाचे प्रमाण साधारण ०.००५ टक्क्यांच्या, म्हणजे १०० किलोंमागे ५ ग्रॅमच्या आत राहावे लागते. भट्टीत भंगार किंवा भलताच धातू मिसळून ही मर्यादा ओलांडली गेली, तर धातूच्या कणांमधील सीमा आतून गंजत जातात, ओतीव भाग फुगतो आणि शेवटी भुगा होतो. इंग्लंडमधील छांदिष्ट यालाच ‘माझाक रॉट’ म्हणतात (माझाक हे झामॅकचेच तिकडचे नाव, रॉट म्हणजे कुजणे).

हा दोष केवळ चिनी मालाचा, असे मानणे अन्यायाचे ठरेल, कारण ब्रिटिश मॉडेलचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये जाण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्येच तयार झालेल्या डिंकी आणि हॉर्नबीच्या खेळण्यांनाही याच दोषाने ग्रासले होते.

तयार इंजिनाची तपासणी कितीही कसून केली, तरी हा दोष तेथे सापडत नाही. इंजिन रुळावर चालवून पाहतात, रंग आणि अक्षरे निरखतात, चाकांमधील अंतर मापकाने मोजतात, आणि नवे ओतकाम या साऱ्या कसोट्यांवर निर्दोष उतरते. म्हणून वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक खेपेचा नमुना ओतण्यापूर्वीच वर्णपटमापकावर (धातूत कोणते घटक किती आहेत हे दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासला गेला पाहिजे. माझ्या मते या धंद्यात सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच आहे आणि ती कंत्राटदाराच्या शब्दावर सोडून देणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे.

तडकलेली चॅसी चिकटवू नका, कारण फुगणे थांबत नाही आणि वरचे प्लास्टिकचे कवचही त्याच्या ताणाने वाकते. कवच, मोटर व चाके हलक्या हाताने सोडवून ठेवा आणि विक्रेत्याकडे त्याच मॉडेलच्या बदली चॅसीची चौकशी करा. हा दोष एका इंजिनातून दुसऱ्यात पसरत नाही, त्यामुळे संग्रहातील बाकीच्या गाड्यांना त्याच्यापासून धोका नाही.