ब्रिटनमधली एजन्सी म्हणते, 'लिमिटेड कंपनी काढा आणि ऑप्ट-आउटवर सही करा.' करावी का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) हातात आलंय, नोकरी सोडून पहिल्यांदाच काँट्रॅक्टवर जाताय. लंडनच्या एका विमा कंपनीत सहा महिन्यांचं काम आहे, रेट दिवसाला 400 पौंड. इंटरव्ह्यू झालाय. काम मिळवून देणाऱ्या एजन्सीच्या एजंटने शुक्रवारी संध्याकाळी दोन कागद पाठवून 'सोमवारी दुपारपर्यंत सही हवी, आमची पॉलिसी आहे' असं कळवलंय.

मी रेडिंगला राहतो आणि बरीच वर्षं अशीच कामं करतोय. वकील नाही, अकाउंटंटही नाही. पण एवढं पक्कं सांगतो की एजंट सगळे नियम एकाच सुरात वाचून दाखवतो. त्यातले काही सरकारचे असतात, काही क्लायंटचे आणि उरलेले निव्वळ एजन्सीच्या सोयीचे. कुठला कोणाचा, हे आधी वेगळं करा.

कंपनी काढायचा आग्रह समजण्यासारखा आहे. तुम्ही स्वतःच्या नावाने, सोल ट्रेडर म्हणून, एजन्सीमार्फत काम केलंत तर 2003 च्या आयकर कायद्याचं कलम 44 आडवं येतं. काम कसं करायचं हे तुम्हाला कोणी सांगत असेल, तर एजन्सीने तुम्हाला करापुरतं नोकरदार धरून पेई (PAYE, म्हणजे पगारातूनच कापायचा कर) कापावा, असा त्याचा अर्थ. ते लचांड गळ्यात नको म्हणून एजन्सी मधे तुमची कंपनी घालते. ही तऱ्हा सत्तरच्या दशकापासूनची आहे. इथे एजंटशी वाद घालण्यात अर्थ नाही.

ऑप्ट-आउटची गोष्ट वेगळी. खरी मेख तिथे आहे.

एजन्सींनी कसं वागावं याची 2003 ची एक नियमावली आहे, तिला सगळे काँडक्ट रेग्युलेशन्स म्हणतात. नियम 32 नुसार लिमिटेड कंपनीतून काम करणारा माणूस 'मला हे संरक्षण नको' असं लिहून देऊ शकतो. तेच ऑप्ट-आउट, तुमच्याकडे आलेला दुसरा कागद. नीट बघा, त्यावर सहीच्या दोन ओळी असतील, एक कंपनीसाठी आणि एक कंपनीतर्फे काम करणाऱ्या माणसासाठी. तुमच्या बाबतीत दोन्हीकडे तुम्हीच, तरी दोन्ही सह्या लागतात. आणि हे लेखी कळवणं क्लायंटशी गाठ घालून देण्याआधी व्हायला हवं. तुमचा इंटरव्ह्यू होऊन गेलाय. म्हणजे आता केलेल्या सहीला कितपत वजन आहे, यावर भांडायला चांगली जागा आहे. एजंटला हे बहुतेक माहीत असतं, पण तो ताकास तूर लागू देत नाही.

त्याच नियमात असंही आहे की ऑप्ट-आउट केलं तरच काम देऊ, अशी अट एजन्सीला घालता येत नाही. मग 'पॉलिसी आहे' म्हणजे काय? काही नाही, बहुतेक जण न वाचता सही करतात, एवढंच.

सही केल्याने काय जातं? पहिलं, पैशांची हमी. नियम 12 प्रमाणे क्लायंटने पैसे दिले नाहीत म्हणून एजन्सी तुमचे पैसे अडवू शकत नाही. टाइमशीटवर मॅनेजरची सही नाही हेही कारण चालत नाही. तास तपासायला एजन्सी वाजवी वेळ घेईल, पण काम केलंय म्हटल्यावर पैसे द्यावेच लागतात. ऑप्ट-आउट केलंत की काँट्रॅक्टमध्ये लिहिलं असेल तेच खरं. तुमच्या पहिल्या कागदात 'पेमेंट' या मथळ्याखाली शोधा. 'क्लायंटकडून रक्कम मिळाल्यानंतर' किंवा 'मंजूर टाइमशीट मिळाल्याखेरीज नाही' अशा अर्थाचं वाक्य आणि ऑप्ट-आउट हे दोन्ही एकत्र आले की क्लायंट बुडाला तर तुम्हीही बुडालात. मॅनेजर तीन आठवडे सुट्टीवर गेला तरी तेच.

दुसरं, पुढची वाट. काम आवडलं आणि विमा कंपनीनेच तुम्हाला थेट घ्यायचं ठरवलं, तर नियमांखाली एजन्सी तुम्हाला अडवू शकत नाही. ती क्लायंटकडे ट्रान्सफर फी मागते, तीही ठरावीक मुदतीतच: काम सुरू झाल्यापासून 14 आठवडे किंवा संपल्यापासून 8 आठवडे, यातलं जे उशिरा संपेल तोपर्यंत. ऑप्ट-आउटनंतर हे छत्र जातं, आणि मग काँट्रॅक्टमध्ये सहा महिने, वर्षभर त्या क्लायंटकडे फिरकू नका असं कलम आरामात बसतं. नंतर विचार बदलून ऑप्ट-आउट मागे घेता येतं, पण चालू काम संपेपर्यंत त्याचा उपयोग होत नाही.

एजंट आणखी एक पुडी सोडेल: 'ऑप्ट-आउट नाही केलं तर तुम्ही आयआर-35 मध्ये सापडाल.' हे ऐकून घाबरू नका. आयआर-35 म्हणजे मधे स्वतःची कंपनी असली तरी नोकरदारासारखं काम करणाऱ्याला नोकरदाराचाच कर लावणारा नियम. कर ठरतो तो प्रत्यक्ष काम कसं चालतं त्यावरून. कोण हुकूम सोडतं, तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का, काम देण्याघेण्याचं बंधन दोन्ही बाजूंना आहे का, हे बघतात. ही कसोटी 1968 च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यापासून चालत आलीय. त्यातल्या ड्रायव्हरची लॉरी स्वतःची होती, पण ती कंपनीच्या रंगात रंगवायची आणि अंगात कंपनीचाच गणवेश घालायचा. तरी कोर्टाने त्याला स्वतंत्र धंदेवाला ठरवलं. वरवरच्या खुणांवर जायचं नाही, हे तेव्हापासून चालू आहे.

आयआर-35 एप्रिल 2000 पासूनचा. तेव्हा आपण आत की बाहेर, हे काँट्रॅक्टरच ठरवायचा. सरकारी कामांसाठी 2017 मध्ये आणि मोठ्या-मध्यम खासगी कंपन्यांसाठी 6 एप्रिल 2021 पासून हा निर्णय क्लायंटकडे गेला. एजन्सीकडे नव्हे. तेव्हा एजंट तोंडी 'आउटसाइड आहे हो' म्हणाला तर त्याचा उपयोग शून्य. क्लायंटचं स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट, म्हणजे या निर्णयाचं लेखी पत्रक, मागा. त्यात निष्कर्ष हवा आणि कारणंही हवीत. पटलं नाही तर तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता आणि क्लायंटला 45 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. क्लायंट लहान कंपनी असेल तर जुनीच पद्धत, जबाबदारी तुमच्या कंपनीची. लंडनची विमा कंपनी त्या व्याख्येत बसत असेल असं वाटत नाही.

हे आधी विचारायचं कारण म्हणजे उत्तर 'इनसाइड' आलं तर कंपनी काढण्याचा खर्च फुकट. इनसाइड कामावर तुमच्या कंपनीला पैसे देताना कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) कापायची जबाबदारी, आणि चुकलं तर वसुलीचा धोका, एजन्सीवर येतो. म्हणून बऱ्याच एजन्सी सरळ अम्ब्रेलातून, म्हणजे तुम्हाला आपल्या पगारावर घेणाऱ्या मधल्या कंपनीतून, या म्हणतात. काही क्लायंट तर लिमिटेड कंपन्या घेतच नाहीत. बार्कलेज, लॉइड्ससारख्या बँकांनी 2019 च्या सुमारासच तसं ठरवलं होतं.

आणि अम्ब्रेलातले 400 म्हणजे 400 नव्हेत. आठवड्याचे 2000 पौंड धरा. त्यातूनच मालकाचा 15 टक्के नॅशनल इन्शुरन्स, अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (मालकांवरचा प्रशिक्षणासाठीचा कर) आणि अम्ब्रेलाचे वीसेक पौंड जातात. तुमचा पगार म्हणून उरतात दिवसाला साधारण 345, सुट्टीचे पैसे त्यातच धरून, आणि तुमचा स्वतःचा कर अजून कापायचाच आहे. इनसाइड असेल तर रेट वाढवून मागा. तो मागण्याची वेळ सहीच्या आधीची, नंतर कोणी दाद देत नाही.

बाकीच्या मागण्या नेहमीच्या आहेत. प्रोफेशनल इन्डेम्निटी आणि पब्लिक लायबिलिटी विमा, कंपनीचं वेगळं बँक खातं, राइट टू वर्कचा पुरावा. हे सगळं देऊन टाका. व्हॅटची नोंदणी वर्षाची उलाढाल 90,000 पौंडांच्या वर जाणार असेल तरच सक्तीची. 400 च्या रेटने 225 दिवस भरले की तुम्ही बरोबर तिथे पोचता, तेव्हा लक्ष असू द्या. 'आमच्याच यादीतला अकाउंटंट घ्या' असं म्हणाले तर मात्र थांबा. कंपनी तुमच्या नावावर आणि कारभार, बँक, पगार सगळं त्याच्या हातात, अशी पॅकेजं 2007 च्या मॅनेज्ड सर्व्हिस कंपनीच्या कायद्यात अडकतात आणि पुढे एचएमआरसीचं, म्हणजे करखात्याचं, पत्र तुमच्या घरी येतं. आपल्या ओळखीचा, स्वतः निवडलेला अकाउंटंट बरा.

स्किल्ड वर्कर व्हिसावरचे वाचक हे वाचून उत्साहात येतील, म्हणून सांगतो: स्पॉन्सर्ड नोकरीच्या जागी स्वतःच्या कंपनीतून काँट्रॅक्टिंग त्या व्हिसावर चालत नाही. तुमचं आयएलआर झालंय, तुम्हाला ती अडचण नाही.

एजंटला फोन करू नका, ईमेल करा. तीन-चार ओळी पुरे: 'काँट्रॅक्ट मिळालं, आभारी आहे. क्लायंटचं स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट कृपया पाठवा. मी नियम 32 खाली ऑप्ट-आउट करत नाही. पेमेंटचं कलम क्लायंटच्या पेमेंटवर अवलंबून आहे, ते काढून टाइमशीट दिल्यापासून 14 दिवस असं करावं. सुधारित प्रत आली की त्याच दिवशी सही करून पाठवतो.' सोमवारची मुदत बहुतेक आपोआप बुधवारपर्यंत सरकेल. इंटरव्ह्यूत पसंत पडलेला माणूस एजन्सी एका कागदासाठी सहसा सोडत नाही, कारण तुम्ही रुजू झाल्याशिवाय तिचं कमिशनही सुरू होत नाही. तरीही ऑप्ट-आउटशिवाय काम नाहीच असं लेखी आलं, तर पेमेंटचं कलम बदलून घेऊन सही करायची की सोडून द्यायचं, ते घरखर्च किती महिने निघतोय यावर ठरवा. ऑप्ट-आउट केलं तरी 1998 चा लेट पेमेंटचा कायदा तुमच्या कंपनीला लागू राहतो. थकलेल्या बिलावर बँक ऑफ इंग्लंडच्या बेस रेटपेक्षा 8 टक्के जास्त व्याज मागता येतं.