आबनुसाच्या जागी कोणतं लाकूड? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गिटारच्या फिंगरबोर्डसाठी (तारांखालच्या पट्टीसाठी) आबनुसाऐवजी (एबनी) भाजलेलं मेपल वापरलं. फ्रेट (पट्टीवरच्या खाचांत बसणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठोकताना खाचांच्या कडेच्या कपच्या उडाल्या. लाकूड खराब निघालं की पद्धत चुकली?

उत्तर : लाकूड बहुधा चांगलंच आहे, हातोडी त्याला मानवली नाही. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या भट्टीत साधारण 160 ते 220 अंश सेल्सिअसला लाकूड भाजलं की त्यातलं हेमिसेल्युलोज हे घटकद्रव्य मोडतं. हवेतली ओल सर्वांत जास्त धरून ठेवतं ते हेच. म्हणून भाजलेली पट्टी कमी फुगते, कमी आकसते आणि कोरड्या हवेत फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचत नाहीत. पण लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवण्यातही याच हेमिसेल्युलोजचा वाटा असतो. ते मोडलं की लाकडाचा चिवटपणा जातो आणि कड बिस्किटासारखी तुटते.

पुढच्या वेळी खाच पाडल्यावर तिच्या दोन्ही कडा तिकोनी कानशीने अगदी हलक्या, 0.3 मिमीच्या आसपास उतरत्या करा. फ्रेटच्या जिभेची (खाचेत बसणाऱ्या भागाची) जाडी आणि खाचेची रुंदी मोजा आणि त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर एक फ्रेट बसवून बघा. तो दाबून बसला पाहिजे, पण त्याने लाकडात पाचर मारता कामा नये. खाच तंग वाटली तर जिभेवरचे दाते किंचित चपटे करा. फ्रेटला पट्टीच्या गोलाईपेक्षा थोडा जास्त बाक द्या आणि तो हातोडीने न ठोकता प्रेसने दाबा. उडालेल्या कपच्या सापडल्या तर पातळ सायनोअॅक्रिलेटने (सुपरग्लूने) जागच्या जागी चिकटवा. नाही सापडल्या तर त्याच लाकडाची बारीक भुकटी आणि तोच गोंद चालतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. भाजल्याने रंग गडद होतो, कठीणपणा वाढत नाही. उलट वजन थोडं घटतं. आबनुसाची घनता घनमीटरला 1000 किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते, मेपलची साधारण 700. गिटारच्या मानेसाठी भाजलेलं मेपल आणि वरच्या फळीसाठी भाजलेलं स्प्रूस आम्ही निःशंकपणे सुचवू. तारांखाली रोज घासल्या जाणाऱ्या पट्टीसाठी दाबून घट्ट केलेलं किंवा रेझिन (कृत्रिम राळ) मुरवलेलं लाकूडच बरं.

प्रश्न : दाबून घट्ट केलेलं लाकूड पुन्हा फुगतं असं ऐकलं. विकत घेण्याआधी कसं ओळखावं?

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. उष्णता आणि दाब देऊन लाकडातल्या पोकळ पेशी चपट्या करतात. तो आकार उष्णतेने, वाफेने किंवा रेझिनने नीट पक्का केला नसेल तर ओल लागताच पेशी जुन्या जाडीकडे परततात. फिंगरबोर्ड जागोजागी वर येतो, फ्रेटची पातळी बिघडते आणि तारा खरखरू लागतात.

विक्रेत्याकडून 20 मिमी लांबीचा नमुना मागा. त्याचं वजन करा आणि दाबलेल्या दिशेची जाडी व्हर्निअरने मोजा. 24 तास पाण्यात बुडवा, मग सावलीत सावकाश वाळवा. वजन पहिल्याइतकं झालं की जाडी पुन्हा मोजा. ओला असताना तुकडा फुगणारच, त्यावरून मत बनवू नका. वाळल्यावरही जाडी वाढलेली राहिली तर ते लाकूड घेऊ नका. नमुन्याचा आडवा छेदही बघा. काही लाकडांत फक्त वरचा थर दाबलेला असतो, रंधा मारला की आतलं मऊ लाकूड उघडं पडतं.

प्रश्न : अॅसिटिलेटेड (रासायनिक प्रक्रिया केलेल्या) पाइनला व्हिनेगरसारखा वास येतो. वापरावं का?

उत्तर : प्रक्रियेत तयार झालेलं अॅसेटिक आम्ल थोडं मागे राहतं, त्याचा तो वास. लाकूड आकाराला अतिशय स्थिर असतं. साधे लोखंडी स्क्रू मात्र त्यात गंजतात, स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

प्रश्न : शिसवीसारखा नाद मिळेल का, हे फळी बघून कळतं का?

उत्तर : बघून नाही, वाजवून कळतं. शिसवीत कंपनं फार कमी मुरतात, म्हणून टकटक केल्यावर ती लांबपर्यंत घुमते. शिसवी आणि तिच्या जागी वापरायचं लाकूड, दोन्हींच्या एकाच मापाच्या पट्ट्या कापा, समजा 400 × 40 × 6 मिमी. टोकापासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर, म्हणजे इथे 90 मिमीवर, पट्टी दोन बोटांत हलकेच धरा आणि मधोमध बोटाच्या पेऱ्याने टकटक करा. त्या जागी पट्टी जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे बोटं नादाला अडवत नाहीत. 20 मिमी इकडेतिकडे धरलंत तरी आवाज बसलेला वाटेल आणि चांगल्या लाकडावर उगाच ठपका येईल. स्वर उंच की खालचा याकडे लक्ष देऊ नका, तो किती वेळ टिकतो ते ऐका.

दोन्ही पट्ट्या आधी दोन आठवडे एकाच खोलीत ठेवा. ओल मोजायच्या मीटरवर इथे विसंबू नका. तो साध्या लाकडासाठी जुळवलेला असतो, प्रक्रिया केलेल्या लाकडावर चुकीचा आकडा दाखवतो. रोज वजन करा. तीन दिवस वजन बदललं नाही की पट्ट्या तयार झाल्या.