घरचाच मेंढा, घरच्याच मेंढ्या

प्रश्न: माझ्याकडे चाळीस माडग्याळी मेंढ्या आहेत. पोपटासारख्या नाकाचा एक नामी मेंढा घेतला होता. तो विकून आता त्याचंच पिल्लू वाढवून कळपाला लावलंय. चारापाणी, जंताचं औषध वेळेवर आहे. तरी कोकरं लहानखुरी होतायत, काही मेंढ्या गाभ धरत नाहीत, दोन कोकरांचा खालचा जबडा आखूड निघाला. लोक म्हणतात नजर लागली. – एक वाचक, ता. जत

उत्तर: नजरेचं सोडा. तुमचा मेंढा आणि निम्म्याअधिक मेंढ्या एकाच बापाची लेकरं झालीयेत. प्रत्येक जनावरात एखाददुसरा खोटा जनुक दडलेला असतोच. जोडीदार परका असला की त्याचा चांगला जनुक ती खोट झाकतो. भावंडांची जोडी लावली, की दोन्हीकडून तोच खोटा जनुक येतो आणि आखूड जबडा दिसायला लागतो.

मेंढ्या चाळीस असल्या तरी पुढच्या पिढीचं निम्मं रक्त एकट्या मेंढ्याचं. जनुकांच्या हिशेबात तुमचा कळप जेमतेम चार जनावरांएवढा भरतो आणि दर पिढीला त्यातली १३ टक्के विविधता गळते. चार बिननात्याचे मेंढे ठेवलेत तर ही गळती साडेतीन टक्क्यांच्या आत येते.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पँथरची (तिथल्या प्यूमा या रानमांजराची) हीच गत झाली होती. वीस-तीसच उरले, शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली उतरेनात. १९९५ मध्ये टेक्सासहून त्याच जातीच्या आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा कुठे संख्या वाढायला लागली.

तुम्हीही बाहेरचा मेंढा आणा, पण माडग्याळीच. आटपाडीच्या बाजारात घ्या नाहीतर पाहुण्यांशी अदलाबदल करा, फक्त त्याचा बाप कोण ते आधी विचारा. लाखांची बोली लागलेल्या मेंढ्याची पिल्लं अख्ख्या तालुक्यात पसरतात; नाक बघून घ्याल आणि तेच रक्त पुन्हा घरी आणाल. (नाकाचं हे वेड मला कधी पटलं नाही.) नवा मेंढा कळपात सोडण्याआधी ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या जंतूची) रक्ततपासणी हवीच, तुमच्या मेंढ्यांचीही करा, गाभ न धरण्यामागे रोगही असू शकतो. त्याच्या लेकी माजावर यायच्या आत त्याला बदला. नर कोकरं चार महिन्यांची झाली की वेगळी बांधा किंवा खच्ची करा. कानात बिल्ले मारून आई-बाप वहीत टिपून ठेवा. आखूड जबड्याची ती दोन कोकरं पैदाशीला ठेवू नका, त्यांचे आई-बापही नकोत.