लढाईवर जाण्याआधी पायदळाच्या बटालियनची तयारी कशी करून घेतात? शेवटच्या आठ-दहा दिवसांत जवानांना कडक पीटी असते का?

पीटीचं आधी सांगतो. नाही. पहाडात जाणार असाल तर अजिबात नाही, आणि जो घेतो तो चूक करतो, मग तो कितीही जुना माणूस असो. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग कुणीही नीट सांगेल, मी या दुसऱ्या भागासाठी लिहायला बसलोय.

१९९९ ला, कारगिलच्या लढाईच्या वेळी, मी नाईक होतो, दहा जणांचा सेक्शन माझ्याकडे. बटालियन काश्मीर खोऱ्यात अतिरेक्यांच्या मागे होती. घेराबंदी, रात्रीची नाकाबंदी, घराघराची झडती असं ते काम. मेअखेरीस हुकूम आला आणि आम्ही सोनमर्गवरून झोजिला ओलांडून द्रासच्या बाजूला पोचलो. खोरं पाच-सव्वापाच हजार फुटांवर, द्रास दहा हजारांच्या वर. खोऱ्यात वर्षभर डोंगर चढत होतो, म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की आपल्याला हवा लागायची, म्हणजे वरच्या विरळ हवेची शरीराला सवय करून घ्यायची, गरज नाही.

नियम स्पष्ट होता. ९ ते १२ हजार फुटांचा पहिला टप्पा सहा दिवसांचा. त्यातले पहिले दोन दिवस निव्वळ आराम, तंबूच्या आसपास फिरायचं तेवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीला सावकाश चालायचं, पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी चढण. १५ हजारांपर्यंत जायचं तर आणखी चार दिवस, त्याच्या वर आणखी चार. आरएमओ साहेबांनी, म्हणजे बटालियनच्या डॉक्टरांनी, पहिल्याच संध्याकाळच्या फॉल-इनला हे सगळं बजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा प्लाटून हवालदार म्हणाला, "पोरं गाडीत आखडलीत. जरा घाम काढू." खाली नाला होता. तिथून भरलेला जेरीकॅन खांद्यावर घेऊन वर यायचं, सेक्शनवार शर्यत, तीन फेऱ्या. तो मला सिनियर, पण मी बोलू शकलो असतो. बोललो नाही. उलट माझ्या सेक्शनचा एलएमजी नंबर एक, म्हणजे हलकी मशीनगन चालवणारा जवान, पहिला आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांचा पोरगा, बटालियनच्या क्रॉस कंट्री टीममधला. त्याच्यापुढे कोण टिकणार?

रात्री तो उठून बसलेला दिसला. आडवं झालं की गुदमरतंय म्हणाला. खोकला सुरू होता. मला वाटलं सर्दी असेल, माझं ब्लँकेट त्याच्या अंगावर टाकलं. तासाभराने पाठीला कान लावला तर आत हुक्क्यासारखी गुडगुड. थुंकी बघायला टॉर्च मारला, पण गोळाबारीमुळे उजेडावर बंदी होती आणि सगळ्यांच्या टॉर्चवर लाल कागद चिकटवलेला. लाल उजेडात थुंकीचा रंग काय कळणार? आरएमओ साहेब धावत आले, त्यांनी ब्लँकेटखाली शिरून तो कागद फाडून काढला. थुंकीला गुलाबी फेस होता. फुफ्फुसात पाणी.

यावर खरा उपाय एकच, माणसाला खाली उतरवणं. आणि द्रासहून खोऱ्यात उतरायचं तर आधी साडेअकरा हजार फुटांचा झोजिला चढावा लागतो. रस्ता शत्रूच्या नजरेखाली, गाड्या दिवे बंद करून चाललेल्या. रात्रभर ऑक्सिजनवर धरून ठेवला आणि उजाडल्यावर हेलिकॉप्टरने नेला. वाचला. पण त्या उंचीवर त्याला पुन्हा कधी कुणी पाठवलं नाही.

एलएमजी नंबर दोनकडे, म्हणजे त्याच्या मदतनीसाकडे, गेली. ती त्याला चालवता येत होती, कारण खोऱ्यात असताना मी सेक्शनमधल्या प्रत्येकाला शेजाऱ्याचं काम शिकवून ठेवलं होतं. जूनमध्ये आमची कंपनी वर गेली त्या रात्री तो एलएमजीवर होता. तो परत आला नाही.

आमचा हवालदार आजही म्हणतो, "पोरगं कच्चं होतं." दर वर्षी २६ जुलैला आम्ही जुने लोक भेटतो, दर वर्षी हेच. बटालियनमध्ये सगळ्यात जास्त दमसास असलेला पोरगा कच्चा कसा? उंचीचा आजार पहिलवान बघत नाही. उलट धडधाकट माणसाला पहिल्या दोन दिवसांत जास्त धोका, कारण तो स्वस्थ बसत नाही. १९६२ च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, सुती कपड्यांतली माणसं मैदानातून उचलून थेट वर नेली. किती जण गोळी न लागता गेले ते आपल्या फौजेला चांगलं माहीत आहे. त्यानंतर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी या आजाराच्या १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ ला तो जगापुढे ठेवला. ते सहा दिवस कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत.

बाकी तयारी म्हणाल तर नवं फारसं काही शिकवत नाहीत. येत असलेलंच त्या जागेसाठी पुन्हा बसवून घेतात. आम्हाला सगळ्यात अवघड गेलं ते खोऱ्यातल्या सवयी मोडणं. तिथे पाच-सात जणांचं काम, इथे अख्ख्या कंपनीने रात्री धारेवर चढायचं, ते आपल्याच तोफांचे गोळे पुढे पडत असताना. त्या गोळ्यांच्या किती मागे राहायचं, उचल मिळाली, म्हणजे तोफांचा मारा पुढे सरकला, की किती वेळात उठायचं, हे सरावाशिवाय अंगात येत नाही. मागच्या बाजूच्या तशाच एका डोंगरावर आम्ही दोन रात्री तालीम केली. मातीदगडांचं सँड मॉडेल करून प्रत्येक जवानाला त्याचा दगड, त्याची घळ बोटाने दाखवली. द्रासच्या वरचं तोलोलिंग शिखर १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने घेतलं, त्याआधी तीन आठवडे तिथे आपली माणसं पडत होती. घाई कितीला पडते ते तिथल्या प्रत्येकाने पाहिलंय.

रायफल नव्याने झीरो करायची, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी लागेल अशी साईट जुळवायची. विरळ हवेत गोळी वर लागते, तीव्र चढावर किंवा उतारावर मारली तरी वर लागते. तेल जवळजवळ कोरडं पुसून काढायचं, थंडीत ते घट्ट होतं. मोज्यांचा एक जोड शर्टाच्या आत, अंगाला लागून. जखमी खाली आणण्याची तालीम मात्र सगळेच उरकतात आणि हे मला अजून पटत नाही. त्या उतारावर एका स्ट्रेचरला चार माणसं पुरत नाहीत, आलटून पालटून आठ लागतात. म्हणजे एका जखमीमागे जवळजवळ एक सेक्शन गेला. हा हिशोब चढायच्या आधी झालेला असला पाहिजे.

किती दिवस, याला एक उत्तर नाही. हुकूम आणि हल्ला यांच्यामध्ये जेवढे मिळतील तेवढे. मी बोलतोय ते पहाडाचं. राजस्थानात किंवा पंजाबच्या मैदानात रणगाड्यांबरोबर चालणाऱ्या पायदळाची गोष्ट वेगळी, तिथे सुरुंगक्षेत्र आणि कालवे ओलांडायची तालीम मोठी असते. तिथली माणसं शेवटपर्यंत पळाली तरी हरकत नाही. आणि दोन दिवस आराम म्हणजे पुढेही पडून राहायचं असं नाही. बटालियनचा दमसास वर्षभर कमवायचा असतो, शेवटच्या आठवड्यात तो कमवता येत नाही.

तुम्ही किंवा घरचं कुणी फौजेत जाणार असेल तर एकच सांगा. वर गेल्यावर डोकं दुखलं, भूक गेली, तर त्याच क्षणी सेक्शन कमांडरला सांगायचं. त्या पोराचं डोकं सकाळपासून दुखत होतं, शर्यतीच्या आधीपासून. हॉस्पिटलमधून त्याने मला पत्र पाठवलं, त्यात लिहिलं होतं. मी वाचलं तेव्हा नंबर दोन जाऊन चार दिवस झाले होते.